केदाह म्हणजेच चोळांचं कडारम का? इतिहास सांगा आणि कोल्हापुरातनं जायचं कसं तेही सांगा

रंकाळा_तालीम

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे पण इथं इतिहासवाले आणि फिरणारे दोन्ही आहेत म्हणून विचारतोय. डिसेंबरात मलेशियाला जायचं घाटतंय, मी, बायको, कॉलेजला असलेली मुलगी आणि आमचे अण्णा. अण्णा हायस्कूलला इतिहास शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण वाचन अजून तेवढंच आहे. एका एजंटकडनं पॅकेज आणलं, क्वालालंपूर, गेंटिंग, लंकावी आणि परत. अण्णांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, लंकावी ज्या राज्यात येतं ते केदाह, आणि केदाह म्हणजे राजेंद्र चोळानं १०२५ साली आरमार पाठवून मारलेलं कडारम, मग ह्यात कडारम कुठाय? एजंटला फोन केला तर म्हणाला तसलं काय पॅकेजमध्ये बसत नाही साहेब, बीच बघा.

अण्णांचा हा परदेशातला पहिलाच प्रवास आहे आणि तो त्यांच्या मनासारखा व्हावा असं मला मनापासून वाटतंय. म्हणून विचारतो, ह्या राज्याचा इतिहास आधीपासून आत्तापर्यंत कुणी सरळ मराठीत सांगेल का, नेटवर तुकड्या तुकड्यात सापडतंय आणि अर्ध्या व्हिडिओत नुसता आरडाओरडा. तिथं जाऊन डोळ्यांनी बघण्यासारखं खरंच काय शिल्लक आहे का नुसता बोर्ड लावलेला माळ आहे? आणि कोल्हापुरातनं तिथपर्यंत जायचं कसं, सत्तरी पार केलेल्या माणसाला झेपेल अशा बेतानं. लंकावी रद्द नाही करायचं, पोरीनं केबल कारचे व्हिडिओ आधीच दाखवून ठेवलेत.

जुना_शिलालेख

अण्णांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. कडारम म्हणजे केदाह हे आता बहुतेक सगळे अभ्यासक मानतात. संस्कृतात कटाह, तमिळमध्ये कडारम, अरब लोक कलाह म्हणायचे, चिनी भिक्षू इत्सिंग ६७१ साली समुद्रमार्गे भारताकडं निघाला तो श्रीविजयला (सुमात्रातलं तेव्हाचं मोठं समुद्री राज्य) थांबून मग इथंच आला आणि इथनं बंगालच्या ताम्रलिप्ती बंदराला गेला. कथासरित्सागरातले व्यापारीसुद्धा कटाह बेटाला जातात.

आता हे एवढं मोठं बंदर इथंच का झालं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागतं. नकाशा उघडा. श्रीलंकेच्या किंवा तमिळ किनाऱ्याच्या खालच्या अंगानं निघून बंगालचा उपसागर सरळ पूर्वेला कापला की समोर मलाया द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा येतो, आणि त्या सपाट किनाऱ्यावर एकच डोंगर उठून दिसतो, गुनुंग जेराई, १२१७ मीटर. खलाशांना तो लांबनं दिसायचा. त्याच्या पायथ्याला मरबोक नदीची खाडी, गोडं पाणी, लाकूड, आसपास लोखंडाचा दगड. पावसाळी वारा बदलेपर्यंत जहाजं अडकून पडायची, कुणी चीनकडं जायच्या वाऱ्याची वाट बघतोय, कुणी भारताकडं परतायच्या, मग त्या महिन्यांत माणूस काय करणार, वखारी बांधल्या, देवळं बांधली, विहार बांधले. त्या सगळ्या भागाला आज बुजांग खोरं म्हणतात. उत्खननात चिनी भांडी, पश्चिम आशियातली काच, मणी, विटांचे पाये असं सगळं एकत्र निघालंय.

सगळ्यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे बुद्धगुप्ताचा दगड. पाचव्या शतकाच्या आसपासचा, संस्कृत लेख, पल्लव लिपी, मधे स्तूप कोरलेला. रक्तमृत्तिका इथं राहणाऱ्या बुद्धगुप्त नावाच्या महानाविकानं प्रवास सुखरूप व्हावा म्हणून तो करून घेतला. रक्तमृत्तिका म्हणजे बंगालमध्ये मुर्शिदाबादजवळचं ठिकाण असं मानतात. जेम्स लो ह्या इंग्रज अधिकाऱ्याला १८३४ साली तो सापडला आणि आज तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, म्हणजे तो बघायला मलेशियाला जायचीसुद्धा गरज नाही. राजा नाही, सेनापती नाही, एक जहाजाचा मुख्य माणूस, आणि त्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं.

चोळांचं म्हणाल तर आधी त्यांचं आणि कडारमचं चांगलं होतं. राजराज चोळाच्या काळात कडारमच्या राजानं नागपट्टणमला चूडामणी विहार बांधला, चोळांनी त्याला आणैमंगलम गावचं उत्पन्न लावून दिलं, ज्यांना लायडन ताम्रपट म्हणतात त्यात हे सगळं आहे. आणि मग पुढच्याच पिढीत १०२५ ला राजेंद्रानं आरमार पाठवलं. तंजावरच्या मोठ्या देवळावर त्याच्या मोहिमेचा लेख आहे, त्यात श्रीविजय, पण्णै, मलैयूर अशी बंदरांची यादी येते आणि कडारमचा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मा पकडला गेल्याचं येतं. कारण काय होतं ह्यावर वाद आहे, पण चीनच्या व्यापाराचा रस्ता श्रीविजयच्या हातात होता आणि तो कुणाला सुखासुखी सोडत नव्हता हे कारण मला सगळ्यात पटतं. चोळांनी तिथं कायमचं राज्य केलं असं मात्र समजू नका. छापा घातला, खजिना घेतला, दबदबा बसवला आणि परतले. व्हिडिओवाले जे चोळांचं मलेशियावर राज्य होतं म्हणून सांगतात त्याला काय अर्थ नाही.

त्यानंतरचं. परंपरेनुसार ११३६ साली तिथल्या राजानं इस्लाम स्वीकारला आणि तो सुलतान मुझफ्फर शाह झाला, आजचं राजघराणं आपली वंशावळ तिथपर्यंत नेतं. १५ व्या शतकात मलाक्का मोठं झालं, इकडं खाडीत गाळ भरत गेला, किनारा पुढं सरकला आणि बुजांग मागं पडलं. मग उत्तरेला सयाम. दर तीन वर्षांनी केदाहनं सोन्याचांदीची घडवलेली झाडं नजराणा म्हणून पाठवायची, बुंगा मास म्हणतात त्याला. ह्या सयामी दाबातनं सुटायचं म्हणून सुलतान अब्दुल्लानं १७८६ साली पेनांग बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, बदल्यात लष्करी मदत मिळेल असा शब्द फ्रान्सिस लाइटनं दिला होता. बेट घेतलं आणि मदत काय आली नाही. १७९१ ला सुलतानानं बेट परत घ्यायला फौज जमवली, कंपनीनं ती उधळून लावली आणि वर्षाला ६,००० स्पॅनिश डॉलर देऊन तह केला. १८०० साली समोरच्या किनाऱ्याची पट्टीपण घेतली आणि रक्कम १०,००० केली. ती वार्षिक रक्कम पुढं मलेशियाच्या केंद्र सरकारनंही चालू ठेवली, आणि पेनांग मुळात आमचंच असं केदाहचे पुढारी आजसुद्धा काढतात.

कंपनीच्या शब्दावर विसंबलेल्या राजाचं काय होतं ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको. १८२१ ला सयामनं केदाहवर स्वारी केली, सुलतान पळून पेनांगला गेला, आणि त्याला गादी परत मिळायला १८४२ उजाडलं, त्यातही पर्लिस तोडून वेगळं केलं. १९०९ च्या करारात सयामनं केदाह, पर्लिस, केलांतान, तेरेंगानू इंग्रजांना देऊन टाकले, सुलतानाला न विचारता. मग संस्थानासारखा कारभार, सुलतान गादीवर आणि शेजारी इंग्रज सल्लागार. १९४१ ला जपानी आले, १९४३ ला जपान्यांनी हे राज्य थायलंडला दिलं, १९४५ ला परत इंग्रज. १९५७ ला मलाया स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान झाले टुंकू अब्दुल रहमान, ते केदाहच्या सुलतानाचेच चिरंजीव. महाथीरसुद्धा इथलेच, अलोर सेतारचे.

थोडक्यात लंकावी हे ह्या राज्याचं एक बेट आहे, राज्य समोरच्या किनाऱ्यावर आहे. अण्णांना घेऊन किनाऱ्यावर दोन तीन दिवस काढाच.

उजळाईवाडी_टेकऑफ

इतिहास वरच्या सरांनी सांगितलाय, मी रस्ता सांगतो.

व्हिसाचं टेन्शन नाही, १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ती सवलत मुदतीची आहे आणि वाढत आलीय त्यामुळं तिकीट काढायच्या आधी चालू मुदत तेवढी बघून घ्या. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, फुकट आहे, सरकारी साइटवरच भरा, पैसे मागणाऱ्या साइटी बऱ्याच आहेत. पासपोर्टला सहा महिने बाकी पाहिजेत, अण्णांचा नवीन काढताय म्हणजे तो प्रश्न नाही.

कोल्हापुरातनं दोन रस्ते. एक मुंबई, महालक्ष्मीनं रात्री बसायचं सकाळी सीएसएमटी, किंवा उजळाईवाडीतनं मुंबईचं विमान. तिथनं क्वालालंपूर डायरेक्ट आहे, पाचेक तास. दुसरा रस्ता बेंगळुरू, माझ्या मते तुमच्यासाठी हा बरा, कारण विमान चार तासांत पोचतं आणि मुंबईतला ट्रॅफिक वाचतो. मिरजेतनं राणी चन्नम्मा आहे, नाहीतर हायवेनं गाडी. बरीच फ्लाइट रात्री उशिरा असतात आणि तिकडं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे पोचता पोचता उजाडतं. अण्णांना त्याच दिवशी पुढं पळवू नका, एक रात्र क्वालालंपूरला झोपू द्या.

आता खरी मजा. एअरपोर्टवरनं केएल सेंट्रल स्टेशनला अर्ध्या तासात फास्ट ट्रेन येते, आणि तिथनं उत्तरेला ईटीएस नावाची इलेक्ट्रिक रेल्वे सुटते, थायलंडच्या बॉर्डरवरच्या पाडांग बेसारपर्यंत. मीटर गेज आहे बरं का, आणि तरी १४० च्या स्पीडनं पळते. इपोह, ताइपिंग, बुकित मर्ताजाम, सुंगाई पेटानी, गुरुन, अलोर सेतार असा रस्ता. बुजांग खोऱ्याला सुंगाई पेटानीला उतरायचं, साधारण साडेचार तास लागतात, अलोर सेतारला पाच. ताइपिंग सोडल्यावर बुकित मेराहचं तळं लागतं, रूळ चक्क तळ्याच्या मधनं गेलेत, दोन्ही बाजूला पाणी, तिथं अण्णांना झोपू देऊ नका. आणि सुंगाई पेटानीच्या पुढं जाताना डाव्या हाताच्या खिडकीत बसवा, सपाट भातशेतीच्या मागं जो एकटा डोंगर उभा दिसतो तोच जेराई.

तिकीट रेल्वेच्या ॲपवर आधी काढा, सुट्ट्यांना गाड्या भरतात आणि उभ्यानं जायची सोय नाही. सुंगाई पेटानीतनं म्युझियम पंचवीसेक किलोमीटर, मरबोक गावाजवळ. बस वगैरेच्या नादाला लागू नका, ग्रॅब ॲपवरनं टॅक्सी करा आणि ड्रायव्हरशी थांबायचं ठरवूनच घ्या, कारण येताना तिथं गाडी लवकर मिळत नाही, आम्ही उन्हात बराच वेळ ताटकळलो होतो.

लंकावी शेवटाला ठेवा. अलोर सेतारजवळ कुआला केदाह बंदर आहे, तिथनं फेरी पावणेदोन तासात लंकावीला सोडते. बंदरावर १८ व्या शतकातला सुलतानाचा किल्लापण आहे, तेवढा फेरीच्या आधी होतो. लंकावीहून विमानानं क्वालालंपूर आणि घरी. त्याच रस्त्यानं परत यावं लागत नाही.

खिद्रापूरकर

जुना_शिलालेख सरांनी सगळं सांगितलं पण आपल्या दारातलंच राहिलं, म्हणून लिहितोय.

ज्या राजेंद्र चोळानं कडारम मारलं त्याचा मुलगा राजाधिराज. त्याची आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या पहिल्या सोमेश्वराची, आहवमल्ल म्हणतात तो, १०५४ च्या सुमारास कोप्पमला मोठी लढाई झाली. राजाधिराज हत्तीवर असतानाच मारला गेला, तमिळ लेखांत हत्तीवर मेलेला राजा असंच त्याला पुढं म्हणलंय. चोळांची फौज मोडायला लागली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ दुसरा राजेंद्र पुढं झाला, लढाई फिरवली आणि रणांगणावरच स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. आणि चोळांच्या लेखांत पुढं असं येतं की कोल्लापुरम इथं जयस्तंभ उभा केला. कोल्लापुरम म्हणजे आपलं कोल्हापूर. म्हणजे कडारमवर गेलेलं घराणं एका पिढीत पंचगंगेपर्यंत आलं होतं.

कोप्पम कुठलं ह्यावर दोन मतं आहेत, एक कर्नाटकातलं कोप्पळ आणि एक आपलं खिद्रापूर, कृष्णेकाठचं. लेखात मोठ्या नदीकाठी म्हणून उल्लेख आहे, शिलालेखांचा इंग्रज अभ्यासक फ्लीट यानं खिद्रापूर सुचवलं होतं. मी त्याच गावाकडचा असल्यामुळं मला खिद्रापूर वाटणारच, पण पुरावा पक्का नाही हेही सांगतो. आज दिसतं ते कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, लढाईच्या नंतरचं, त्यामुळं देवळाचा दाखला देऊन कुणी वाद जिंकू नये.

माझं म्हणणं एवढंच की अण्णांना जायच्या आधी एक दिवस टाऊन हॉल म्युझियममध्ये न्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा तिथं आहे, रोमन व्यापाराबरोबर आलेला. तो समुद्राचा देव समुद्रापासून एवढ्या आत, घाटाच्या वर सापडला. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून आपल्याकडं यायचा. हे डोक्यात ठेवून मरबोकच्या म्युझियममधले मणी आणि काचेचे तुकडे बघितले की ते परके वाटत नाहीत.

रंकाळा_तालीम

अरे काय माणसं आहात तुम्ही, अण्णांना सगळं वाचून दाखवलं, जयस्तंभाचं ऐकून दोनदा परत वाचायला लावलं. त्यांना राजाधिराजचं माहीत होतं पण कोल्लापुरमचं लक्षात नव्हतं म्हणाले.

आता बारीक प्रश्न. बुजांगला चढ किती आहे, अण्णांचे गुडघे जरा दुखतात. बायको शाकाहारी आहे, त्या गावांत काय मिळतं. आणि देवळं म्हणजे आपल्या देवळांसारखी उभी आहेत का नुसते पाये?

इचलकरंजी_ते_पेनांग

मी कामानिमित्त पेनांगला राहतो, सुंगाई पेटानीला जाणं येणं असतं म्हणून सांगतो.

आधी मन तयार करून जा, खिद्रापूरसारखं कोरीव काम तिथं नाही. अंगकोर, प्रांबानानचे फोटो बघून कुणी आलं की निराश होतं. बुजांगची देवळं म्हणजे दगडाचा किंवा विटांचा पाया आणि त्यावर लाकडी खांब, वर हलकं छप्पर, लाकूड कधीच गेलं, पाये राहिले. तिथं देवळाला चांडी म्हणतात, सगळ्यात मोठं चांडी बुकित बातू पाहात, म्युझियमच्या मागच्या चढावर, शेजारनं ओढा खळाळत जातो. १९३०च्या दशकात क्वारिच वेल्सनं ह्या भागात खोदलं आणि मग अलास्टेर लॅम्बनं हे देऊळ १९६० च्या सुमाराला परत रचलं. जवळ जाऊन बघा, चौथऱ्यावर गोल दगडी उथळ्या आहेत आणि प्रत्येकीला मधोमध चौकोनी भोक, लाकडी खांबाची खुंटी बसवायला. तो खांबांचा मंडप आणि पुढची गर्भगृहाची चौकट पायानं चालून कळते, शैव देऊळ असावं असं मानतात. पायात दगडी डब्या पुरलेल्या निघाल्या, आत खडे आणि सोन्याचे बारीक तुकडे. देऊळ बांधताना पायात रत्नं पुरायचा विधी अण्णांना सांगायला नको. बाकीच्या दोन तीन चांडी दुसरीकडनं हलवून म्युझियमच्या आवारातच मांडल्यात, त्यामुळं गुडघ्यांना त्रास न होता बरंच बघून होतं. मोठ्या चांडीपर्यंत पायऱ्या आणि थोडा चढ आहे, लांब नाही, पण ओलं असेल तर दगड निसरडे होतात, काठी घ्या आणि सकाळी लवकर जा, दहानंतर दमट हवेनं घाम निथळतो.

सुंगाई बातू म्हणून दुसरी जागा आहे, लोखंड वितळवायच्या भट्ट्यांची, युनिव्हर्सिटी सायन्स मलेशियाच्या लोकांनी २००० नंतरच्या दशकात खोदायला घेतली. मातीच्या फुंकनळ्यांचे तुकडे आणि लोखंडाचा मळ ढिगानं पडलाय. ती इसवी सनापूर्वी पाचशेच्याही आधीची म्हणून बोर्डावर आणि पेपरात येतं, पण त्या तारखांवर अभ्यासकांत मोठा वाद आहे, म्हणून तो आकडा तेवढा जपून घ्या. भट्ट्या मात्र खऱ्या आणि प्रचंड आहेत. अलीकडं बुकित चोरासला स्तूपाजवळ जवळजवळ माणसाएवढी गचकामाची बुद्धमूर्ती निघाली, २०२३ पासून तिथलं काम गाजतंय, आणि तिथं पल्लव लिपीतले लेखही मिळालेत. तिथं सहज जाता येतं असं धरून चालू नका, आधी म्युझियममध्ये विचारा.

एक गोष्ट सांगताना वाईट वाटतं. २०१३ मध्ये अकरा नंबरची चांडी घरांच्या प्रोजेक्टसाठी जमीन सपाट करताना मशीन लावून पाडली गेली. जागा खाजगी मालकीची होती आणि संरक्षित म्हणून जाहीरच केली नव्हती. त्यावर मलेशियात मोठा गदारोळ झाला, तमिळच नाही तर मलय आणि चिनी लोकसुद्धा बोलले. इतिहास दडवला म्हणून बोंब मारणाऱ्यांनी हे बघावं की खोदणारे, म्युझियम सांभाळणारे आणि पाडल्यावर भांडणारे बरेचसे मलय मुसलमानच आहेत. जे गेलं ते कुणाच्या कटानं नाही, नोंद नसल्यानं गेलं. आपल्याकडं किती वीरगळ गटारावर फरशी म्हणून टाकलेत ते आठवा.

जेवणाचं, सुंगाई पेटानीत तमिळ वस्ती भरपूर आहे, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण, इडली डोसा सहज मिळतं. अलोर सेतारला थोडं शोधावं लागतं. केदाहची लाक्सा प्रसिद्ध आहे, तांदळाच्या शेवया, पण रस्सा माशाचा, वहिनींना चालणार नाही, तुम्ही मात्र खाच.

माजी_सैनिक_गडहिंग्लज

जय हिंद. केदाहचं नाव निघालं आणि जित्राचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

अलोर सेतारच्या उत्तरेला जित्रा गाव आहे. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी थायलंडच्या किनाऱ्यावर उतरून खाली यायला लागले, आणि जित्राला अकरावी इंडियन डिव्हिजन आडवी होती, पंजाबी, जाट, गुरखा आणि दोन इंग्रज बटालियन. मुसळधार पाऊस, खंदकात पाणी, तारा धड टाकून झाल्या नव्हत्या, जवानांनी आयुष्यात रणगाडा बघितला नव्हता आणि समोरनं रणगाडे आले. ११ ते १३ डिसेंबर एवढ्यात ती फळी मोडली. जवानाचा त्यात दोष नव्हता. पुढं सरकायचं का अडवून बसायचं ह्यातच वरच्यांनी दिवस घालवले, त्याची किंमत खालच्यांनी मोजली.

त्याच माघारीत चौदाव्या पंजाबच्या पहिल्या बटालियनचे कॅप्टन मोहन सिंग जंगलात तुटून राहिले आणि जपान्यांच्या हाती लागले. अलोर सेतारला जपानी मेजर फुजिवारा आणि ग्यानी प्रीतम सिंग यांच्याशी त्यांचं बोलणं झालं, आणि आझाद हिंद सेनेची सुरुवात तिथनं झाली. नेताजी सिंगापूरला आले १९४३ ला, त्याच्या दीड वर्ष आधीची ही गोष्ट. आपल्या पुस्तकात सिंगापूर येतं, अलोर सेतार येत नाही. सरांना हे मुद्दाम सांगा.

रेल्वेनं जाताना ताइपिंगला उतरणार असाल तर तिथं युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, रस्त्याच्या दोन बाजूंना, एका बाजूला भारतीय आणि गुरखा जवान. तालुक्यातनं पलटणीत गेलेली घरं आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत, तिथं उभं राहिलं की शब्द फुटत नाही. वेळ काढून जा.

रंकाळा_तालीम

साहेब, ताइपिंग घातलंच बघा. अण्णा वही घेऊन बसलेत. आत्ताचा बेत असा झालाय, बेंगळुरूहून क्वालालंपूर, एक रात्र आराम, मग ईटीएसनं ताइपिंगला अर्धा दिवस, संध्याकाळच्या गाडीनं सुंगाई पेटानी, दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियम आणि सुंगाई बातू, मग अलोर सेतार, शेवटाला फेरीनं लंकावी. म्युझियमचा दिवस शुक्रवारी येतोय, चालेल ना? आणि अलोर सेतारला एका दिवसात काय काय होईल?

इचलकरंजी_ते_पेनांग

शुक्रवार टाळा. केदाहमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार शनिवार असते, रविवारी सगळं चालू. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला म्युझियमंसुद्धा मधे बंद ठेवतात, आणि लोकल लोक फिरायला बाहेर पडलेले असतात त्यामुळं फेरीला आणि रेल्वेला पण गर्दी. सगळा बेत दोन दिवस पुढं ढकला, म्युझियमला रविवारी जा, निवांत मिळेल.

अलोर सेतारला सगळं एका चौकाच्या भोवती आहे, अण्णांना चालवत नेता येईल. झाहीर मशीद, १९१२ ची, पांढऱ्या भिंती आणि काळे घुमट, नमाजाची वेळ सोडून बाहेरनं नीट बघता येते, आत जायचं तर अंग झाकणारे कपडे. समोर बलाई बसार, लाकडी दरबार हॉल, सुलतानाचे समारंभ तिथं व्हायचे. आणि बाजूला बलाई नोबात, अष्टकोनी बुरुजासारखी इमारत, तिच्यात राजघराण्याची वाद्यं ठेवलेली असतात, मोठे नगारे, सनई, झांज, फक्त गादीच्या कार्यक्रमाला वाजतात, आपल्या नगारखान्यात नौबत झडते तसलाच मान. आत सोडत नाहीत, बाहेरनं बघायचं. महाथीर जन्मले ते लाकडी घर पण म्युझियम केलंय, चौकापासनं टॅक्सीनं थोडंसंच.

एक आणखी, शहराबाहेर पडताना वान मात सामानचा कालवा दाखवा. १८८५ ला केदाहच्या दिवाणानं खोदायला घेतला, अलोर सेतारपासनं जेराईच्या पायथ्याच्या गुरुनपर्यंत, पस्तीसेक किलोमीटर. दलदल होती ती ह्याच्यामुळं भाताखाली आली, आज देशातलं सगळ्यात जास्त भात इथं पिकतं. रस्ता बराच वेळ त्याच्या कडेकडेनंच जातो.

खिद्रापूरकर

लंकावीला गेल्यावर पोरीबरोबर केबल कार झाली की अण्णांना पाडांग मातसिरातला न्या. १८२१ च्या सयामी स्वारीत बेटावरच्या लोकांनी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून धान्याचं कोठार जाळलं असं सांगतात, आणि पावसानंतर मातीतनं जळके तांदूळ वर येतात म्हणून ती जागा जपून ठेवलीय. जवळच महसुरीची समाधी आहे, खोटा आळ घेऊन मारलेली बाई, मरताना सात पिढ्यांचा शाप दिला म्हणतात. ती लोककथा आहे, पण बेटावरची माणसं स्वारीचा काळ तिच्यावरनंच सांगतात.

आणि परत आल्यावर अण्णांच्या वहीतलं इथं टाका, फोटो थोडे आणि मजकूर जास्त.